शस्त्रक्रियेनंतरचे काम
(कळंब येथे उपासनेनंतर केलेले भाषण)



दुभंगलेल्या टाळूच्या मुलाची शस्त्रक्रिया झाली की आपण देवाचे आभार मानतो, आणि ते योग्यच आहे. पण घरच्यांना वाटते, आता पोर आपोआप नीट बोलेल. अनेकदा तसे होत नाही.

टाळू उघडी असली की तोंडातली हवा नाकातून निघून जाते. प, ब, ट, क ही अक्षरे हवा तोंडात कोंडल्याशिवाय उमटत नाहीत. म्हणून मूल ‘बाबा’ म्हणते आणि ऐकू येते ‘मामा’. काही मुले हवा घशातच अडवायला शिकतात. टाळू शिवली तरी ती सवय राहते. ती मोडायला वाचा-उपचार लागतात. नुसते फुगे फुगवून किंवा शिट्टी वाजवून भागत नाही; आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य, असे रोज घोटून घ्यावे लागते. यांतील बऱ्याच मुलांच्या कानात पाणी साठून ऐकूही कमी येते. म्हणून कानही तपासावेत.

टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात व्हावी. ऊसतोडीला आलेल्या एका भिल्ल कुटुंबातल्या मुलीची ती पाचव्या वर्षी झाली. ग्रहणात विळी हाती धरली म्हणून असे झाले, हा दोष आई स्वतःकडे घेत होती. तो खरा नाही, हे तिला पुन्हापुन्हा सांगावे लागले. शाळेत ‘गेंगाणी’ म्हणून चिडवतात, म्हणून मुलगी हजेरीलाही गप्प राही. आम्ही थोरल्या बहिणीला सराव शिकवला. नाकाखाली आरसा धरायचा. ‘पा’ म्हणताना त्यावर वाफ आली, तर हवा नाकातून गेली. आता ती ‘हजर’ म्हणते. ‘ज’ अजून पक्का नाही. आणि कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावी परतेल. तिथे सराव कोण घेणार, ही माझी काळजी आहे.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते, आणि या व्यंगावर मोफत उपचार मिळतात. पण दर खेपेला मजुरी बुडते, गाडीभाडे लागते. तिथेच उपचार तुटतो.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने अडखळत बोलणाऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले. त्याने एकाच माणसासाठी वेळ काढला. आपल्या मंडळीतील प्रत्येक गटाने एका मुलाचा वर्षभराचा प्रवासखर्च उचलावा, आणि ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून एक तास कोपीवर येऊन सराव घ्यावा, ही माझी नम्र विनंती आहे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.