घंटेची दोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. चार माणसांत बोलायची सवय नाही. पण वृद्धाश्रमातल्या सोयींविषयी बोला म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. माझ्या यजमानांच्या आत्याबाई तीन वर्षे अशा एका आश्रमात आहेत. त्यांना मूलबाळ नाही, आणि आमच्या घराचा जिना त्यांना चढवत नाही. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "मला सांभाळा, पण बांधून ठेवू नका."

गेल्या श्रावणात पहाटे त्या मोरीत पाय घसरून पडल्या. घंटा होती, पण ती उभ्या माणसाच्या हाताला येईल अशी, दाराजवळ! पडलेल्या माणसाचा हात तिथे कसा पोचणार? झाडणारी बाई येईपर्यंत दीड तास त्या ओल्या फरशीवर होत्या. हाड वाचले, पण धीर खचला.

आम्ही चालकांना भेटलो. त्यांनी आधी खोलीत कॅमेरा बसवला. आत्याबाईंनी त्यावर जुने लुगडे टाकले! म्हणाल्या, "मी पडले हे कळावे, पण लुगडे नेसताना कुणी पाहू नये." यात त्यांचे काय चुकले? शेवटी कॅमेरा व्हरांड्यात गेला. मोरीतल्या घंटेला फरशीपर्यंत दोरी आली, भिंतीला धरायला दांडी आली, खाटेखाली पाय टेकताच लागणारा दिवा आला. गळ्यातले बटण दाबले की रात्रपाळीच्या बाईच्या टेबलावर घंटा वाजते. आता आत्याबाई पुन्हा एकट्या अंघोळीला जातात. माझ्या मते सोय म्हणतात ती हीच.

पडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जगात दरवर्षी साडेसहा लाखांहून अधिक माणसे पडून दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत म्हातारी माणसे फार. जर्मनी-अमेरिकेत अशी बटणे १९७० नंतरच्या दशकात निघाली. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम असावा असे म्हटले. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तीत गरजू ६५ वर्षांवरील माणसांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये ठरवले.

पण बायांनो, यंत्र धावून येत नाही, माणूस येतो. बटणाची बॅटरी उतरली, पावसात वीज गेली, किंवा रात्रपाळीची बाई झोपली, तर ते बटण म्हणजे नुसता गळ्यातला दागिना. म्हणून आम्ही दर संकष्टीला आश्रमात जातो आणि घंटा वाजवून पाहतो. तिथी ठरलेली, म्हणून विसर पडत नाही.

आपल्या खरवईतही पुष्कळ घरी म्हातारी माणसे दिवसभर एकटी असतात. मुले-सुना सकाळच्या लोकलने मुंबईला जातात. म्हणून माझी विनंती अशी. मोरीत दांडी बसवा. वृद्धांसाठीचा १४५६७ हा फोन सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. अडीअडचणीला तो, आणि रात्री-अपरात्री संकट आले तर ११२, हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. आणि शेजारच्या आजींना दिवसातून एकदा हाक मारा.

आज त्या आहेत, उद्या आपण आहोत. आपल्याला जशी दोरी हाताशी हवी, तशी त्यांच्यासाठी आज बांधू या.