पाणी पायरीशी येण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी संस्थेच्या वाटचालीचा गौरव करण्याची प्रथा आहे आणि तो गौरव यथोचितच आहे. परंतु संयोजकांनी मला विषय दिला तो ‘आपला परिसर आणि आपले कुटुंबजीवन’ हा. सांगलीच्या गावभागात, खणभागात किंवा नदीकडच्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबाचा विचार कृष्णामाईला वगळून कसा करता येईल? म्हणून आज मी पुराविषयी बोलणार आहे. धरणे, लवाद आणि विसर्ग यांविषयी जाणकारांनी पुष्कळ सांगितले आहे. मला बोलायचे आहे ते घराचा उंबरठा, स्वयंपाकघरातील डबे आणि शेजारचे दार यांविषयी.

आपल्या गावाची रचना प्रथम ध्यानात घेऊ. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि ते एकत्रित पाणी सांगलीला येते. गावाच्या खालच्या अंगाला हरिपूरजवळ वारणा मिळते, तर आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. म्हणजे वरून पाणी येत असते, त्याच वेळी खालच्या नद्याही भरलेल्या असतात. परिणामी पाणी लवकर पुढे सरकत नाही, ते तुंबते आणि पसरते. आपला पूर डोंगराळ मुलखातल्या लोंढ्यासारखा एका तासात अंगावर येत नाही. तो हळूहळू चढतो, दिवसाला काही फूट या गतीने, आणि उतरतो त्याहूनही सावकाश. या स्वभावामुळे दोन गोष्टी घडतात. तयारीला वेळ मिळतो, हा त्याचा उपकार. आणि ‘अजून वेळ आहे’ असे म्हणत तो वेळ आपण घालवतो, हा आपला धोका.

१९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल हे आपल्या पुराचे मोजमाप आहे. तेथील पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी, हे सांगलीच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले. त्या वर्षी हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरले, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली साठवणीची पद्धत मोडकळीस आली आणि व्यापाऱ्यांचे व शेतकऱ्यांचे फार मोठे नुकसान झाले. त्यानंतर गावाने त्या पाण्याच्या खुणा जपल्या. कोणी भिंतीवर रेघ मारली, कोणी जिन्याची पायरी ध्यानात ठेवली. पुढे कोणी घर बांधले तर जोते त्या रेघेच्या वर घेतले, कोणी दुकानातील फळ्या त्या रेघेच्या वर ठोकल्या.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. पाणी ५७ फुटांच्या वर गेले, म्हणजे जुन्या रेघेच्या तीन-चार फूट वर. ज्यांनी काहीच तयारी केली नव्हती त्यांचे नुकसान झालेच. पण ज्यांनी प्रामाणिकपणे २००५ ची रेघ प्रमाण मानून सामान तिच्या वर ठेवले होते, त्यांचेही सामान भिजले. ‘मागच्या वेळी इथपर्यंतच आले होते’ हे वाक्य त्या आठवड्यात गावाच्या कोणत्या गल्लीत ऐकू आले नसेल? त्या वाक्याच्या भरवशावर कित्येक कुटुंबे घरातच थांबली आणि नंतर त्यांना वरच्या मजल्यांवरून, गच्च्यांवरून नावांनी काढावे लागले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. उशिरा निघण्याची किंमत काय असू शकते, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिले. २०२१ च्या जुलै महिन्यात पाण्याने पुन्हा ५० फुटांची पातळी ओलांडली. म्हणजे सोळा वर्षांत तीन वेळा. तेव्हा ‘असा पूर आयुष्यात एकदाच’ ही समजूत आता आपण सोडून दिली पाहिजे.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांत एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील क्षेत्र बांधकामास निषिद्ध, तर दोन रेषांमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. शंभर वर्षांत एकदा याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. ती शक्यता प्रत्येक पावसाळ्यात नव्याने तेवढीच असते. घर विकत घेताना आपण दरवाजाची दिशा पाहतो, शेजार पाहतो, शाळा किती दूर आहे ते पाहतो. त्याच बैठकीत हे घर कोणत्या रेषेच्या आत आहे, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. विशेषतः नवविवाहित मुलांसाठी सदनिका घेताना वडीलधाऱ्यांनी तो आवर्जून विचारावा.

आता घराकडे वळू. आयर्विन पुलाचा आकडा आपल्याला रेडिओवर, वर्तमानपत्रात आणि आता मोबाईलवर दर तासाला कळतो. पण पुलाजवळ ४७ फूट पाणी असताना माझ्या गल्लीच्या तोंडाशी काय स्थिती असेल, हे किती जणांना सांगता येईल? आकडा सर्वांचा एक असला तरी प्रत्येक गल्लीचे पाणी वेगळे असते. काकानगर, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांत ते लवकर शिरते, मारुती चौकात त्यानंतर. काही भागांत तर नदीकडून पाणी येण्याआधीच नाल्यातून मागल्या दाराने येते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, प्रत्येक गल्लीने आपली एक साधी तालिका करावी. पुलाजवळ किती फूट असताना पाणी गल्लीच्या तोंडाशी येते, किती फुटांवर पहिल्या पायरीशी आणि किती फुटांवर तळमजल्याच्या ओट्याशी, एवढेच तीन आकडे. ज्येष्ठांच्या आठवणी आणि भिंतींवरील खुणा एकत्र केल्या, तर एका रविवारी हे काम पुरे होईल. तालिकेखाली एक ओळ ठळक लिहावी : ‘याहून वर येऊ शकते.’

दुसरी सूचना माणसांविषयी. पूर येतो तेव्हा गल्लीत किती घरे आहेत याहून कोणत्या घरात कोण आहे, हे महत्त्वाचे ठरते. अंथरुणाला खिळलेले आजोबा कोठे आहेत? डायलिसिसला जाणारे काका कोठे आहेत? दिवस भरत आलेली सून कोणाची? मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी असल्यामुळे दोघेच राहणारे वृद्ध दाम्पत्य कोणते? यांना सर्वांत आधी हलवावे लागते आणि हेच बहुधा सर्वांत शेवटी निघतात, कारण त्यांना आपले ओझे दुसऱ्यावर टाकायचे नसते. त्यांच्या मनातील हा संकोच शेजाऱ्यानेच ओळखला पाहिजे. पाणी ४० फुटांवर गेले की ‘काकू, आज तुम्ही आमच्या बहिणीकडे विश्रामबागला चला’ असे आपलेपणाने सांगणारा एक माणूस प्रत्येक वृद्धामागे नेमलेला असावा. औषधांची पंधरा दिवसांची पुडी, चष्मा, कानाचे यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत घालून ती पिशवी पावसाळाभर खुंटीला टांगलेली असावी.

भाडेकरूंचाही विचार करावा. जुन्या वाड्यांच्या खालच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे, शिक्षणासाठी आलेली मुले, दुकानांत काम करणारे परगावचे कामगार यांना गावातील पाण्याची सवय नसते. पंचनाम्याच्या वेळी पत्त्याचा पुरावा नसल्याने त्यांची अडचण होते ती वेगळीच. घरमालकाने भाडेकराराची एक प्रत त्यांच्याजवळ दिलेली असावी आणि पाणी ओसरताच भिंतीवरील खुणेचे छायाचित्र काढण्यास त्यांना सांगावे.

तिसरी गोष्ट गृहिणींना अधिक ठाऊक आहे. मी केवळ उजळणी करतो. घर सोडताना विजेचे मुख्य बटण बंद करावे. गॅसची टाकी बंद करून वर न्यावी अथवा घट्ट बांधावी, कारण रिकामी टाकी पाण्यावर तरंगते. दागिने आपण आठवणीने घेतो, पण घराची कागदपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका आणि बँकेची पुस्तके ट्रंकेत राहून जातात. ती आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत. पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकण्यापूर्वी वायरिंगची तपासणी करून घ्यावी. चिखल काढताना पायांत बूट असावेत, कारण लेप्टोस्पायरोसिस हा आजार दूषित पाण्यातून त्वचेवरील जखमेवाटे शरीरात शिरतो. आणि पाण्यात भिजलेले धान्य कितीही वाळविले तरी खाण्यात आणू नये. वर्षाची बेगमी टाकताना घरच्या बाईचे मन तुटते, हे मी जाणतो. पण त्यातली बुरशी पुढे सबंध कुटुंबास महागात पडते.

पिण्याच्या पाण्याबद्दल दोन शब्द. गाव पाण्याने वेढलेले असते तेव्हाच नळ कोरडे पडतात, कारण पंपगृहेच पाण्याखाली जातात. आपल्या घरांतून पाणी गाळून घेण्याची परंपरा आहे आणि ती उत्तम आहे. तरीही पुरानंतर केवळ गाळणे पुरेसे होत नाही. जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी मिसळलेले असते. ती टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लिचिंग पावडरने निर्जंतुक केल्यावाचून वापरू नये आणि पाणी उकळूनच प्यावे. व्रती मंडळींच्या घरी उकळलेले पाणी नित्याचेच असते. त्या महिन्यात ती रीत सर्व गल्लीची व्हावी.

शेवटी संस्थेविषयी. महापुरात या गावातील मंदिरे, मठ, मशिदी, शाळा, मंगल कार्यालये आणि वसतिगृहे यांनी जातपात न पाहता दारे उघडली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बाहेरगावांहून मदतीचे ट्रक आले. त्या मदतीत बिस्किटे आणि जुने कपडे उदंड होते. परंतु मधुमेही माणसाला, दात नसलेल्या आजीला आणि सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या व्रतीला हवा असतो तो वेळेवर मिळणारा साधा वरण-भात. स्त्रियांना हवी असते कपडे बदलण्यापुरती आडोशाची जागा आणि स्वच्छ शौचालय. या गोष्टी आयत्या वेळी सुचत नाहीत. पन्नास वर्षांच्या संस्थेजवळ सभागृह आहे, भांडी आहेत, आचारी ओळखीचे आहेत, तरुण कार्यकर्ते आहेत. पूर चातुर्मासातच येतो आणि त्या काळात आपली मंडळी एरवीही रोज एकत्र जमतात. तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस एक बैठक घेऊन कामे वाटून घेतली, तर पुढे धावपळ उरणार नाही.

विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. आपण स्मरणिका काढीत आहात. तीत अध्यक्षांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली आणि जाहिराती असतीलच, त्या असाव्यात. त्याबरोबर एक पान आपल्या परिसरातील गल्ल्यांच्या तालिकेसाठी राखून ठेवावे. स्मरणिका घरोघरी जाते आणि पंचवीस वर्षे कपाटात राहते. आज या सभागृहात मागे खेळत असलेली मुले त्या वेळी कर्ती झालेली असतील. पुलावरचा आकडा त्यांना कोठूनही कळेल, पण आपल्या दाराशी पाणी केव्हा येते हे त्यांना आपल्याखेरीज कोणी सांगणार नाही. तेव्हा ते पान वरच्या फळीवर ठेवावे, एवढे सांगतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!