व्यसनाचा प्रश्न आणि आपली चळवळ

(कळवा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



या विषयावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. मानसशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु आपल्या महिला कार्यकर्त्यांनी मला निरुत्तर केले. त्या म्हणाल्या, "सर, दारूवर किती पैसा जातो ते आम्हांला पैशापैशाने ठाऊक आहे. तो का जातो, एवढेच सांगा." या प्रश्नाचे उत्तर माझ्या शास्त्रात मिळत नाही, हे मला मान्य करावे लागले. म्हणून गेले काही महिने मी विद्यार्थी होऊन वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी एक कबुली देतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने एकामागून एक बंद पडत होते, त्या काळात मी कामगारांचे अभ्यासवर्ग घेत असे. विटाव्याहून येणारा एक हुशार, वाचनप्रिय कामगार त्या वर्गाला नियमाने बसे. नोकरी गेल्यावर तो पिऊ लागला. एका संध्याकाळी त्याची पत्नी मुलाला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमचे ते ऐकतात, तुम्ही त्यांना सांगा." मी त्याला बोलावून तासभर समजावले. भांडवलशाही कामगाराला दारूत कशी बुडवते, हे साधार सांगितले. त्याने सारे मान डोलावून ऐकले आणि पुन्हा तो वर्गाला आला नाही. त्याला काय वाटते, रात्री झोप लागते का, घरी गेल्यावर मुलाच्या नजरेला नजर देता येते का, यातले काही मी विचारले नाही. माझे विश्लेषण चुकीचे नव्हते. पण समोरच्या माणसाच्या ते उपयोगाचे नव्हते. ही चूक एकट्या माझी असती तर येथे सांगितली नसती. ती आपल्या चळवळीची जुनी सवय आहे.

व्यसनाकडे पाहण्याच्या दोन परंपरा आपल्याकडे आहेत. पहिली नैतिक परंपरा. दारू हे पाप, पिणारा दुर्बळ, म्हणून त्याला शपथ घ्यायला लावा आणि दुकान बंद करा. दुसरी परंपरा आर्थिक विश्लेषणाची. शोषण आहे तोवर दारू राहणार. शोषण संपवा, दारू आपोआप सुटेल. दोन्ही परंपरांनी मोठे काम केले आहे. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, 1880 साली, शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला. 1972 च्या सुमारास शहाद्याच्या आदिवासी स्त्रिया गावोगाव निघाल्या आणि त्यांनी दारूच्या गुत्त्यांतील मडकी फोडली. जमिनीच्या लढ्यातून जागृत झालेल्या या स्त्रियांनी मारहाणीचा प्रश्नही चव्हाट्यावर आणला. 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात जनआंदोलनाच्या रेट्याने दारूबंदी झाली. हा वारसा अभिमानाचा आहे. परंतु दुकान बंद झाल्यावर त्या रात्री घरात काय घडते, याचा विचार या दोन्ही परंपरांत अपुरा राहिला.

मानसशास्त्रीय संशोधनाची मदत होते ती येथे.

व्यसन म्हणजे केवळ पदार्थाची पकड, अशी जुनी समजूत होती. तिला धक्का देणारा एक अभ्यास व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा आहे. ली रॉबिन्स या संशोधक विदुषीने 1970 च्या दशकात तो केला. युद्धभूमीवर हेरॉईनच्या आहारी गेलेल्या सैनिकांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचे प्रमाण सुमारे 5 टक्के निघाले. पदार्थ तोच होता, शरीरही तेच; बदलली होती ती परिस्थिती. आपल्या आर्थिक विश्लेषणाला हा पुरावा पोषक आहे, हे खरे. पण त्यातच एक बोचरा प्रश्न दडला आहे. सैनिक युद्ध सोडून घरी परतला. खारेगावच्या चाळीत किंवा पारसिकच्या उतारावरील झोपडीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराने कोठे परतावे? त्याची युद्धभूमी आणि त्याचे घर यांच्यामध्ये केवळ लोकलचा प्रवास आहे.

दुसरा मुद्दा भावनांचा. दारू सोडलेला माणूस पुन्हा कोणत्या क्षणी पितो, याचा शोध अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी घेतला. व्यसन पुन्हा जडण्याच्या घटनांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश घटनांच्या मागे त्यांना तीनच प्रसंग आढळले: राग, निराशा, एकटेपणा यांसारख्या क्लेशकारक भावना, कोणाशी तरी झालेले भांडण, आणि सोबत्यांचा आग्रह. म्हणजे पेल्याकडे जाणारा हात बहुधा एखादी असह्य भावना शमविण्यासाठी उठतो. दारू हे त्या माणसाचे औषध असते. स्वस्त, तत्काळ गुण देणारे आणि अखेर मूळ दुखणे दुणावणारे.

मग प्रश्न असा की, त्याला दुसरे औषध ठाऊक का नसते? आपण मुलग्यांना कसे वाढवतो ते आठवा. पडला तर 'रडतोस काय बायकांसारखा' असे त्याला ऐकवतो. भीती वाटली तर ती लपवायला शिकवतो. पुरुषाला शोभणारी म्हणून एकच भावना आपण त्याच्या हाती देतो, ती राग. पगार थकला की राग, मुकादमाने अपमान केला की राग, मुलाच्या शाळेची फी भरता आली नाही की राग. त्या रागाच्या पोटात लाज आणि भीती असते, पण त्यांना नाव देण्याची भाषा त्याच्यापाशी नसते. भावना दाबून टाकल्याने ती शांत होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो, हे जेम्स ग्रॉस यांनी 1990 च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. घटनेकडे पाहण्याची दृष्टी बदलता आली तर भावनेची धार कमी होते. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सूत्रही हेच. 'नोकरी गेली' ही घटना. 'नोकरी गेली म्हणून मी कवडीमोलाचा' हा निष्कर्ष. या दोहोंत अंतर आहे, हे ज्याला उमगले त्याला श्वास घ्यायला थोडी जागा मिळते. आणि मी म्हणेन, त्याला लढायलाही बळ मिळते. कारण स्वतःला कवडीमोल मानणारा माणूस संघटनेत येत नाही.

आता घराकडे वळू. 1954 साली जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने मद्यपींच्या पत्नींशी दीर्घकाळ बोलून एक निबंध लिहिला. कुटुंब या संकटाशी टप्प्याटप्प्याने कसे जुळवून घेते, हे तिने दाखविले. आधी नाकारणे, मग लपविणे, मग आशा सोडणे, आणि पुढे त्या माणसाला वगळून घराची नवी घडी बसविणे. तो आजारी आहे असे मुकादमाला पत्नी कळवते. वाण्याकडची उधारी ती फेडते. मोठी मुलगी अकाली आई बनते. धाकटा दाराबाहेरच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखतो. साऱ्या घराचे लक्ष एका माणसाच्या तोंडाकडे लागलेले असते. अशा घरात वाढलेल्या मुलाला भावना सांभाळण्याचे शिक्षण कोण देणार?

महाराष्ट्रात या जाणिवेतून काम उभे राहिले आहे. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अनिल अवचट यांनी लेखमाला लिहिली आणि तिच्यातून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने, 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी तेथे रुग्णाला गुन्हेगार न मानता माणूस म्हणून वागविण्याचा पायंडा पाडला. पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा स्वतंत्र गट चालतो, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 'परिवर्तन' उभे केले. खाडीपलीकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केली.

परंतु गरजेच्या मानाने हे सारे तोकडे आहे. केंद्र शासनाच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि सुमारे पावणेसहा कोटींना तिच्यापायी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे केवळ एकाला कसला तरी उपचार मिळतो. दुसरीकडे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये मद्यावरील शुल्कवाढीचा निर्णय घेतला तो वर्षाला सुमारे 14 हजार कोटी रुपयांच्या जादा महसुलाच्या अपेक्षेने. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून येथे एक इशारा देतो. किंमत वाढली की एकूण खप घटतो, हे सर्वसाधारणपणे खरे. पण जो पुरता आहारी गेला आहे तो प्रथम दारू कमी करीत नाही, मुलांचे दूध कमी करतो. संविधानाच्या 47 व्या कलमाने राज्याला मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे मार्गदर्शन केले आहे. राज्य मात्र त्याच पेयांवर अंदाजपत्रक बेतते. निदान या महसुलातील ठराविक वाटा उपचारांसाठी राखून ठेवा, ही मागणी आपण सातत्याने लावून धरली पाहिजे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार आपल्या कक्षेत घेतले असून शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. कळव्याचे महापालिका रुग्णालय असो की ठाण्याचे 1901 सालचे मनोरुग्णालय असो, पाळीत राबणाऱ्या कामगाराला सोयीच्या वेळी हे उपचार मिळाले पाहिजेत.

"आम्ही डॉक्टर नाही, आम्ही काय करणार?" असे आपण विचाराल. गोव्याचे उदाहरण ऐका. तेथील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी फार तर चार बैठकी केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी 36 टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते. डॉक्टरी पदवी नसलेल्या माणसाने ऐकून घेतले, तर एवढे घडते.

पण त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष विसरू नका. पत्नीवरील हिंसेच्या बाबतीत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. दारू उतरली तरी उगारलेला हात आपोआप खाली येत नाही. तो हात दारूने दिलेला नाही. तो पुरुषसत्तेने दिलेला आहे. म्हणून 'तो शुद्धीत नव्हता' ही सबब आपल्या शाखेत यापुढे कोणाचीही, पदाधिकाऱ्याचीही, ऐकून घेतली जाऊ नये.

माझ्या सूचना मोजक्या आहेत. दुकानाविरुद्धचा मोर्चा अवश्य काढा. बाटली आडवी करण्याचा मतदानाचा मार्गही वापरा. त्याबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ शाखेचे कार्यालय पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी उघडे ठेवा. तेथे भाषण नको, ठराव नको. ऐकणारी दोन माणसे हवीत. पिणाऱ्यांसाठी बैठक वेगळी घ्या. दोघा-चौघांनी रीतसर प्रशिक्षण घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून एकाएकी दारू बंद करू नका. त्याला झटके येऊ शकतात, जिवाला धोका होऊ शकतो. त्याला डॉक्टरकडे न्या. 14446 हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

विटाव्याचा तो कामगार आता हयात नाही. त्याच्या पत्नीने मागितली होती ती मदत माझ्या पुस्तकांत नव्हती, पण ऐकून घेणे मला तेव्हाही शक्य होते. उद्या कोणी भगिनी मुलाचे बोट धरून आपल्या कार्यालयाच्या पायरीवर येईल. तिला पत्रक देण्याआधी बसायला खुर्ची द्या आणि विचारा, "ताई, काय झाले?"