मामांचं पूर्ण नाव

कार्यक्रमाच्या पत्रिकेत विषय छापला होता, ‘औषधांना दाद न देणारा क्षयरोग आणि आजचा तरुण’. प्रमुख पाहुण्या माईकसमोर आल्या आणि थेट आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिरल्या. विज्ञानाच्या बाई जर्नलमध्ये प्रयोग करणाऱ्याच्या जोडीला परीक्षानळ्या धुणाऱ्याचंही नाव लिहायला लावत. नळीच अस्वच्छ असेल तर निष्कर्ष कसला, असं बाईंचं म्हणणं. या आठवणीत दहा मिनिटं गेली.

पाहुण्यांनी परदेशी निधीवर चालणाऱ्या क्षयरोग प्रकल्पात बरीच वर्षं बेडक्याचे नमुने तपासले. डबीचं झाकण सैल दिसलं की हात आपोआप थबकतो, हे त्यांनी करूनच दाखवलं. जीनएक्सपर्ट यंत्र दोनेक तासांत सांगतं की जंतू रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देतो की नाही. कल्चरला सहा आठवडेही लागतात. शास्त्र इथंच आटोपलं.

मग त्या लिमाला पोचल्या. पेरूच्या या राजधानीतल्या काराबायो भागात 1996 मध्ये ‘पार्टनर्स इन हेल्थ’ आणि तिची तिथली संस्था ‘सोसिओस एन सालुद’ यांनी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर हट्टानं उपचार सुरू केले. हे महागडे उपचार गरीब देशांना झेपणार नाहीत, असं तेव्हा जाणकारही म्हणत. 2003 मध्ये निकाल छापून आला: किमान चार महिने औषधं घेतलेल्या 66 रुग्णांपैकी 55 बहुधा बरे झाले होते. संस्थेचे डॉक्टर पॉल फार्मर, जिम किम ही नावं जगभर गेली. रोज घरी जाऊन गोळ्या देणारे कार्यकर्ते मात्र तिथल्याच वस्तीतले होते.

‘आपण केलेल्या कामाखाली आपलं नाव लिहा, दुसऱ्यानं केलेल्याखाली त्याचं लिहा,’ हे त्यांनी चारदा बजावलं. अहवालात नाव, मापाचा एन-95 मास्क, नियमित तपासणी आणि निधी आटला तरी टिकणारी नोकरी, हा त्यांच्या मते स्थानिक कर्मचाऱ्याचा हक्कच. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक क्षयरोग कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. रुग्ण तिथंच राहिले.

बोलता बोलता नजर पहिल्या रांगेच्या टोकाला गेली. तिथं शाळेच्या प्रयोगशाळेचे निवृत्त मामा बसले होते. स्पिरिटचा दिवा पेटवायला पाहुण्यांना त्यांनीच शिकवलं होतं.

त्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या, ‘उद्या मामांना प्रयोगशाळेत बोलवा, दिवा पेटवायला शिका. आणि जर्नलमध्ये शिकवणाऱ्याच्या जागी त्यांचं पूर्ण नाव लिहा, आडनावासकट.’