सारिका काळे : एका खो-खोपटूची वाटचाल



बार्शीहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, येडशीच्या पुढे, ढोकी हे गाव लागते. काळी जमीन, उसाचे मळे, साखर कारखान्याचे धुराडे आणि बेभरवशाचा पाऊस, असा हा धाराशिव जिल्ह्याचा मुलूख. या भागातील एखाद्या शाळेच्या पटांगणात दोन लाकडी खांब समोरासमोर पुरलेले दिसले, की खुशाल समजावे, येथे खो-खो चालतो. या खेळाला चेंडू लागत नाही, फळी लागत नाही, पायांत जोडा नसला तरी अडत नाही. म्हणूनच तो गरिबाच्या दारी सुखाने नांदला. परंतु खेळाला काही लागत नसले, तरी खेळणाराला दोन वेळचे अन्न लागते. ही साधी गोष्ट आपण टाळ्या वाजविताना विसरतो. आज जिची हकीकत सांगावयाची आहे, तिच्या आयुष्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी ठरली.

परदेशांत खेळ हा पोटाचा धंदा झाल्याला बराच काळ लोटला. स्लोव्हाकिया नावाच्या लहानशा देशातील झ्देनो खारा याचेच उदाहरण घ्या. पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून बर्फावर हॉकी खेळणारा हा उंचापुरा गडी उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक संघांतून १९९७ पासून २०२२ पर्यंत खेळत राहिला, आणि २०११ साली बोस्टनचा कर्णधार या नात्याने त्याने तेथील मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला. अशा खेळाडूशी संघ करार करतो, वेतन देतो. आमच्या खो-खोपटूच्या वाट्याला असला करार कोठून येणार? या खेळाची पहिली व्यावसायिक साखळी स्पर्धा भरली ती २०२२ साली, आणि तीही केवळ पुरुषांची.

खो-खो दिसावयास सोपा, पण खेळावयास मोठा कठीण. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. आठ गडी मधल्या पट्टीत ओळीने बसतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे. नववा पाठलागास निघतो. त्याने एकदा दिशा धरली की खांब गाठल्यावाचून मागे वळता येत नाही आणि बसलेल्या गड्यांमधून पलीकडेही जाता येत नाही. पळणाराला मात्र नागमोडी धावण्याची मुभा असते. तेव्हा पाठलाग करणाराने आपल्या दमाचा हट्ट न धरता, योग्य क्षणी बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ द्यावयाचा आणि त्याची जागा आपण घ्यावयाची. एकट्याच्या पराक्रमाला येथे फार थोडा वाव आहे.

सारिका काळे हिला तेराव्या वर्षी मामाने प्रथम मैदानावर नेले. घरची परिस्थिती अगदी बेताची होती. वडिलांच्या हातून फारशी कमाई होत नसे. आई शिवणकाम करी, आणि आजी-आजोबांच्या मिळकतीचा आधार असे. कित्येक दिवस या मुलीला एकदाच जेवण मिळे. शिबिराला किंवा स्पर्धेला गेले म्हणजेच काय ते पोटभर अन्न ताटात पडे. ज्या वयात हाडे भरावयाची, त्या वयात अर्धपोटी राहून खांबाकडे सूर मारावयाचा, याची कल्पना सुखवस्तू घरातल्यांनी करून पाहावी. सुदैवाने तिला चंद्रजित जाधव यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले, आणि ती महाराष्ट्राच्या व पुढे भारताच्या संघापर्यंत जाऊन पोहोचली.

२०१६ साली गुवाहाटी येथे बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व सारिका काळे यांच्याकडे होते, आणि त्या संघाने सुवर्णपदक पटकाविले. बाहेरून पाहणाराला वाटेल, येथे कष्टांचे चीज झाले. पण त्याच २०१६ सालाला दुसरीही एक बाजू आहे. घरातील पैशाच्या ओढाताणीने त्या इतक्या खचून गेल्या की खेळ सोडून देण्याचे त्यांनी मनाशी ठरविले होते. संघाची कर्णधार, आणि तिला घर चालविण्याच्या विवंचनेने मैदान सोडावेसे वाटावे! गुरूंनी समजूत घातली, धीर दिला, आणि त्या पुन्हा मैदानात उतरल्या. त्या वेळी सावरणारे माणूस जवळ नसते, तर एक उत्तम खेळाडू आपण गमावून बसलो असतो, आणि तिचे नावही आपल्या कानी आले नसते.

पुढे त्यांना सरकारी नोकरी मिळाली आणि घराला स्थैर्य आले. तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून त्या काम पाहत असता, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्याला हा सन्मान तब्बल २२ वर्षांनी आला होता. उपाशीपोटी धावलेली मुलगी आता इतर मुलामुलींच्या खेळाची व्यवस्था पाहू लागली, हे त्या पुरस्काराइतकेच मोलाचे म्हटले पाहिजे.

उस्मानाबाद हे नाव जाऊन आता जिल्हा धाराशिव झाला, पण खो-खोची परंपरा खंडित झाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिली जागतिक खो-खो स्पर्धा झाली. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळवर ७८ विरुद्ध ४० गुणांनी विजय मिळविला. त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या.

खो-खोच्या ओळीत बसलेला गडी आपण होऊन उठू शकत नाही. अंगात कितीही वेग असो, पाठीवर थाप पडेपर्यंत त्याला वाट पाहावी लागते. ढोकीपासून तुळजापुरापर्यंतच्या खेड्यापाड्यांत अशा किती मुली आज ओळीत बसल्या असतील! विजयानंतर हारतुरे घालणारे हात पुष्कळ असतात. सरावाहून परतणाऱ्या मुलीच्या घरी चूल पेटली आहे की नाही, याची वेळीच चौकशी करणारे हात थोडे. सारिका काळे यांना मामाने, आईने, आजी-आजोबांनी आणि गुरूंनी वेळेवर ‘खो’ दिला. पुढच्या मुलीला तो कोण देणार, याचा विचार आपण तिच्या पदकाची वाट न पाहता केला पाहिजे.