आवाज ऐकू येण्याआधीचे महिने



मला आज एकाच काळाविषयी बोलायचं आहे. सायकोसिस उघडपणे दिसण्याआधी जे महिने, कधी जी वर्षं निघून जातात, त्यांच्याविषयी.

मुलगा आपल्यासमोर येतो तेव्हा त्याला आवाज ऐकू येत असतात, आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय अशी त्याची खात्री झालेली असते. घरचे सांगतात, "डॉक्टर, पंधरा दिवसांत अचानक झालं हो." जरा मागचं विचारलं की वेगळीच हकीकत निघते. बारावीपर्यंत वेळापत्रक काटेकोर पाळणारा हा मुलगा तालुक्याच्या गावातून पुण्याला हॉस्टेलवर आला. वर्षभरात त्याची सबमिशन राहू लागली. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख माहीत होती, पैसेही हातात होते, तरी फॉर्म भरला गेला नाही. पुस्तक उघडून बसायचा, पान तेच राहायचं. दोन कामं एकदम आली की हातपाय गळायचे. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही. केटी लागल्या आणि घरी बोलणी बसू लागली: आळशी झालाय, मोबाईलनं वाटोळं केलं. हा कुणी एक मुलगा नाही. आपल्या सगळ्यांच्या केसपेपरांतून तो जुळवता येईल.

कामांचा क्रम लावणं, एक गोष्ट ध्यानात धरून दुसरी करणं, बेत फसला तर तो बदलणं, या क्षमतांना आपण एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतो. त्यांचा मोठा भार मेंदूच्या पुढच्या भागावर असतो. हा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो आणि आजारही बहुधा याच वयात डोकं वर काढतो. तीव्र ताणाखाली तर धडधाकट माणसाचाही हा भाग नीट चालत नाही. म्हणजे काम राहिलं म्हणून ताण, आणि ताणामुळे आणखी काम राहणार. मुळातल्या नाजूकपणावर ताण पडला की आजार उघड होतो, ही मांडणी झुबिन आणि स्प्रिंग यांनी १९७७ साली केली. त्या ताणात घरच्या बोलण्यांची भर पडते, हे आपण शुभंकरांना, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांना, समजावून सांगायला हवं. दोष देण्यासाठी नव्हे. त्यांना तरी हे कुणी सांगितलं होतं?

त्या मुलाच्या आत काय चाललेलं असतं? क्लाउस कॉनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं लष्करी रुग्णालयातल्या सैनिकांचा अभ्यास करून १९५८ साली ग्रंथ लिहिला. प्रवेशाआधी नटाला विंगेत जी धास्ती वाटते, तशी या सुरुवातीच्या अवस्थेतली धास्ती असते, असं त्यानं म्हटलं. काहीतरी घडणार आहे, पण काय ते कळत नाही. ही धास्ती मुलगा कुणाला सांगणार? त्याला स्वतःलाच ती नीट उमगलेली नसते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. सबमिशन चुकलेला प्रत्येक विद्यार्थी सायकोसिसच्या वाटेवर नसतो. नैराश्य, चिंता, एडीएचडी, अपुरी झोप, व्यसन, कशानेही असं होऊ शकतं. तज्ज्ञांनी कसून तपासून जास्त जोखमीचे ठरवलेल्या तरुणांपैकीही तीन वर्षांत साधारण चौथ्या हिश्शालाच सायकोसिस होतो. म्हणून नुसत्या शंकेवर शिक्का मारणं आणि सायकोसिसची औषधं सुरू करणं मला मान्य नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही अशा वेळी ती औषधं देऊ नयेत, मानसोपचार द्यावेत, असंच सांगतात. लक्ष ठेवणं, झोप सावरणं, अभ्यासाचा बोजा काही काळ हलका करून घेणं, गांजा असेल तर तो सोडवणं, घरच्यांशी बोलणं, एवढं तर आपल्या हातात आहेच.

लवकर ओळखता येतं का? नॉर्वेतल्या रोगालांड भागात १९९७ पासून वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळा आणि फॅमिली डॉक्टर यांच्यामार्फत जागृतीची मोहीम चालली, आणि फोन केला की तातडीनं तपासणारी पथकं नेमली गेली. तिथे सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचारापर्यंतचा मध्यम काळ पाच आठवड्यांवर आला. मोहीम नसलेल्या भागांत तो सोळा होता. पुढे जाहिरात थांबली, आणि रोगालांडमध्येच तो पंधरा आठवड्यांपर्यंत वाढला. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकदा शिबिर घेऊन, फलक लावून हे काम संपत नाही.

म्हणून सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. केसपेपरवर भास कधी सुरू झाले ते लिहिताना, रोजची कामं कधीपासून राहू लागली तेही विचारा आणि लिहा. आपापल्या तालुक्यातलं एक कॉलेज धरा. तिथले प्राध्यापक, हॉस्टेलचे रेक्टर, मेस चालवणाऱ्या मावशी यांच्याशी दर सत्राला बोला, कारण मुलगा बदललाय हे पहिल्यांदा त्यांना दिसतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये असू द्या. येत्या जूनमध्ये नवी मुलं हॉस्टेलवर येतील, त्याआधी ही पहिली बैठक घ्या.