फीचे तीन खिसे

शिक्षणाच्या खर्चावर बोलायचंय, तर मी माझ्याच फीचा हिशेब मांडते.

अब्बांची भाजीची गाडी. आपा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पण पहिल्या हप्त्याचे पैसे नव्हते, म्हणून तिचं शिक्षण तिथंच थांबलं. सवलत मिळू शकते हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

म्हणून माझ्या वेळी आधी कागद. आम्ही बागवान. बागवान, तांबोळी, अत्तार अशा कितीतरी मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण ‘हममें कहाँ जात होती है?’ म्हणत चाचांनी दाखला कधी काढलाच नव्हता. दादांच्या शाळेच्या दाखल्यावर नोंद सापडली. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रिमिलेयर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, यात आठ महिने गेले. तुम्ही अकरावीतच सुरुवात करा. मला फार्मसीची निम्मी शिकवणी फी माफ झाली. २०२४-२५ पासून तर ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींची केंद्रीभूत प्रवेशातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. पण कागद हवेत!

शासनाचा हा एक खिसा. तो खोलीचं भाडं देत नाही, आणि वेळेवर उघडतही नाही.

दुसरा खिसा माझा. कॉलेजात विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना होती. ग्रंथालयात रोज तीन तास पुस्तकं लावायचे. ओळखीची मुलगी आली की कपाटाआड व्हायचे. मग कळलं, योजनेला ज्यांचं नाव आहे त्या कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं राबून शिकत होती. त्यानंतर कपाटाआड गेले नाही.

तिसरा खिसा अब्बांचा, मेसपुरता. तरी शेवटच्या वर्षी पैसे कमी पडले. शैक्षणिक कर्जाचं नाव काढलं तर अब्बा म्हणाले, ‘सूद है बेटा.’ त्यांचा अकीदा मला कळतो. पण आपाच्या लग्नाला सावकाराकडून पैसे उचलले, तेव्हा सूद आठवला नव्हता. मी ते बोलले. अब्बा बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीशेजारचा जुना तराजू विकला, आणि उरलेले पैसे मामूंनी बिनव्याजी दिले. नोकरी लागल्यावर पहिल्या पाच पगारांतून मी ते फेडले.

गेल्या वर्षी आपानं मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. फी तिच्या शिवणकामाची. तिचे कागद मी आणले.